मास्तर आणि मिस्त्री



आज तुमच्याशी एका शब्दाविषयी बोलायचे आहे. शब्द फार जुना आहे. रोमन लोकांच्या लॅटिन भाषेतला. तिथून निघाला तो निरनिराळ्या देशांतून हिंडत हिंडत आपल्या मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांत येऊन बसला. तुम्ही तो रोज बोलता, मीही बोलतो. पण ओळखत मात्र नाही, कारण तो आपल्याकडे एका नावाने आलेला नाही. त्याची ओळख मला माझ्याच एका चुकीमुळे झाली. ती चूक आधी सांगतो.

मी छत्रपती संभाजीनगरच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. बी. ए.च्या पहिल्या वर्षाचा वर्ग, दुपारचा तास, उन्हाळा तोंडावर आलेला. मागच्या बाकावर एक मुलगा डुलक्या घेत होता. आदल्या दिवशीही घेत होता, त्याच्या आदल्या दिवशीही. माझा तोल गेला. मी म्हणालो, "अरे, असाच झोपत राहिलास तर उद्या एखाद्या मिस्त्रीच्या हाताखाली घमेली उचलायची पाळी येईल."

वर्ग हसला. मुलगा उभा राहिला. रागावला नाही, उद्धटपणा केला नाही. एवढेच म्हणाला, "सर, माझे वडील मिस्त्री आहेत. सकाळी मी त्यांच्याच हाताखाली घमेली उचलून येतो. म्हणून डोळा लागतो."

मी "बस" म्हणालो आणि तास कसाबसा पुढे रेटला. काय शिकवले ते आज आठवत नाही. घरी गेलो तरी ते वाक्य कानातून जाईना. शब्दांवर पोट भरणारा माणूस मी. मनाला लागले की कोशात तोंड खुपसायचे ही आमची सवय. त्या रात्री मी 'मिस्त्री' हा शब्द काढून पाहिला, आणि माझी मान आणखीच खाली गेली. ज्याच्या हाताखाली जायची भीती मी त्या मुलाला घालत होतो तो मिस्त्री, आणि भीती घालणारा मी मास्तर, हे दोन्ही शब्द एकाच आईची लेकरे निघाली.

ती आई म्हणजे लॅटिनमधला 'मगिस्तेर' हा शब्द.

आता हा शब्द जरा फोडून बघू. 'मगिस' म्हणजे अधिक. 'तेर' हा दोहोंतली तुलना दाखवणारा प्रत्यय. आपल्याकडे 'उच्च'चे 'उच्चतर' होते, 'लघु'चे 'लघुतर' होते, त्यातलाच हा 'तर'. आणि 'मगिस' हा आपल्या 'महत्' आणि 'महा' यांचा भाऊबंद. लॅटिन आणि संस्कृत या एकाच प्राचीन घराण्यातल्या भाषा असल्यामुळे ही नाती अशी अधूनमधून डोके वर काढतात. तर मगिस्तेर म्हणजे इतरांहून जो अधिक आहे, थोर आहे तो.

शिक्षक बंधुभगिनींना इथे आपला 'गुरु' शब्द आठवल्याशिवाय राहणार नाही. वृत्तांचे लघु-गुरु आपण मुलांना शिकवतो. लघु म्हणजे हलका, गुरु म्हणजे जड. गुरुजी म्हणजे मुळात वजनदार माणूस! आजची पोरे एखाद्याचे कौतुक करताना "भारी माणूस आहे" म्हणतात ना, तेच आपल्या पूर्वजांनी संस्कृतात म्हणून ठेवले आहे.

मगिस्तेर या शब्दाची एक गंमत ध्यानात घ्या. कशात अधिक, हे तो सांगतच नाही. कोणत्याही कामात जो वरचढ, ज्याच्या हाताखाली इतर काम करतात, तो मगिस्तेर. रोममध्ये घोडदळाच्या प्रमुखाला मगिस्तेर म्हणत, जहाजावरच्या मुख्याला म्हणत, गुराख्यांच्या म्होरक्यालाही म्हणत, आणि शाळेत पोरांना अक्षरे गिरवायला लावणाऱ्यालाही म्हणत. हत्यार, सुकाणू, काठी, पाटी, सगळे त्या एका शब्दात मावत होते.

मात्र नाव थोर असले म्हणून मिळकतही थोर होती असे नाही. इसवी सन 301 मध्ये डायोक्लेशन या रोमन बादशहाने महागाईला आळा घालण्यासाठी एक मोठे फर्मान काढले. त्यात जिनसांचे कमाल भाव आणि निरनिराळ्या कामांची कमाल मजुरी ठरवून दिली होती. त्या फर्मानाचे दगडावर कोरलेले तुकडे सापडले आहेत. त्यात लिहायला-वाचायला शिकवणाऱ्या मास्तराचा दर आहे दर मुलामागे महिन्याला 50 दिनार. आणि दगडी बांधकाम करणाऱ्या गवंड्याचा दर? दिवसाला 50 दिनार, शिवाय जेवण. हिशेब तुम्हीच करा. गवंड्याला महिन्याच्या तीस दिवसांत जे मिळे, तेवढे मिळवायला मास्तराला तीस पोरे गोळा करावी लागत, आणि भाकरी घरूनच न्यावी लागे! मास्तराचे आणि मिस्त्रीचे नाव एकाच यादीत, एकाच आकड्यासमोर लिहिल्याचा सतराशे वर्षांपूर्वीचा हा दाखला आहे.

पुढे रोमचे साम्राज्य मोडले. लॅटिन ही घरादारांत बोलायची भाषा राहिली नाही. तिच्या पोटी इटालियन, फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज अशा भाषा वाढल्या. मध्ययुगात युरोपातल्या शहरांत कारागिरांचे संघ होते. आपल्याकडे व्यापाऱ्यांच्या आणि कारागिरांच्या श्रेणी होत्या, तसे समजा. पोरगा आधी उमेदवार म्हणून राहायचा, मग रोजंदारीचा कारागीर व्हायचा, आणि शेवटी स्वतःच्या हाताने एक अस्सल वस्तू घडवून संघापुढे ठेवायचा. ती पसंत पडली की तो मास्टर. मग त्याने स्वतःचे दुकान थाटावे, हाताखाली पोरे ठेवावीत. इंग्रजीत उत्तम कलाकृतीला 'मास्टरपीस' म्हणतात. उमेदवाराने परीक्षेसाठी घडवलेली वस्तू असाच त्याचा मूळ अर्थ आहे.

त्याच काळात बोलोन्या, पॅरिस अशा ठिकाणी विद्यापीठे निघाली. विद्यापीठाला लॅटिनमध्ये जो शब्द वापरीत त्याचा अर्थही संघ असाच होता. पॅरिसचे विद्यापीठ म्हणजे शिकवणाऱ्या मास्तरांचा आणि शिकणाऱ्यांचा संघ. सुताराने खुर्ची घडवून दाखवावी, तसे विद्यार्थ्याने वाद करून, विषय मांडून दाखवायचा, आणि मग शिकवण्याचा परवाना मिळवायचा. त्या परवान्यातून 'मास्टर ऑफ आर्ट्स' ही पदवी आली. त्यातला 'आर्ट' हा शब्दही लॅटिनच, आणि त्याचा अर्थ कसब, हुन्नर. श्रोतेहो, माझ्या नावापुढे एम्. ए. ही दोन अक्षरे आहेत, आणि मला त्यांचा बराच अभिमान होता. त्यांचे सरळ मराठी काय होते, पाहा: हुन्नराचा मिस्त्री.

मूळ शब्द एक. पण प्रत्येक भाषेने त्यातला आपापल्या सोयीचा तुकडा उचलला. इटलीत 'माएस्त्रो' म्हणजे प्राथमिक शाळेचा शिक्षक, आणि माएस्त्रो म्हणजे मोठ्या वाद्यवृंदाचा संचालकही. फ्रान्समध्ये 'मेत्र' म्हणजे लहान मुलांचा गुरुजी. पण तिथल्या वकिलालाही 'मेत्र' म्हणूनच हाक मारतात. हॉलंडमध्ये 'मेस्टर' म्हणजे शाळेतले मास्तर, आणि कायद्याच्या पदवीधराच्या नावामागेही तोच शब्द लावतात. स्पेनमध्ये 'माएस्त्रो' शाळेत शिकवतो, आणि बैलाशी झुंजणाऱ्या नामांकित खेळाडूलाही तीच हाक मिळते.

जर्मन भाषेत 'माइस्टर' म्हणजे आपल्या धंद्यातली सर्वांत वरची परीक्षा उतरलेला कारागीर. या परीक्षेचे चार भाग असतात. हाताचे काम, त्यामागचे ज्ञान, हिशेब आणि कायदा असे तीन झाले. चौथा भाग आहे शिकाऊ पोरांना कसे शिकवावे याचा. म्हणजे जर्मनीतला मिस्त्री नुसती भिंत सरळ उभारून सुटत नाही. आपल्याला शिकवता येते, हेही त्याला दाखवावे लागते. मास्तर आणि मिस्त्री तिथे अजून एकाच अंगरख्यात आहेत.

आता हा शब्द आपल्या दारी कसा आला, ते पाहू. तो दोन दारांनी आला. पहिले दार पश्चिम किनाऱ्याचे.

1498 साली वास्को द गामा मलबारच्या किनाऱ्याला लागला. 1510 मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला, 1534 मध्ये वसई घेतली. जहाजे बांधायची, किल्ले उभारायचे, चर्चे उभारायची, तर सुतार, लोहार, गवंडी हवेत. या कारागिरांच्या मुख्याला पोर्तुगीज म्हणत 'मेस्त्र'. हा मगिस्तेरचाच पोर्तुगीज अवतार. त्याचा कोकणात झाला 'मेस्त्री' आणि घाटावर झाला 'मिस्त्री'. आपली गावाकडची माणसे तर 'मिस्तरी' म्हणतात, आणि त्यात मूळचा 'तर' पुन्हा ऐकू येतो! गोव्यात या शब्दाचा दुसरा अर्थही नांदत होता. तिथल्या चर्चना जोडलेल्या शाळांत मुलांना अक्षरे आणि संगीत शिकवणाऱ्यालाही मेस्त्र म्हणत. म्हणजे एकाच गावात एक मेस्त्र तुळई तासतो आहे, आणि दुसरा मेस्त्र पोरांना व्हायोलिन शिकवतो आहे.

हे मूळ शोधून दाखवणाऱ्यांत आपल्याकडचाच एक मोठा माणूस आहे, गोव्यातल्या आसगावचे धर्मगुरू सेबास्तियांव रोदोल्फो दाल्गादो. जन्म 1855 चा. आशियातल्या भाषांमध्ये कोणकोणते पोर्तुगीज शब्द शिरले, याचा त्यांनी केलेला कोश 1913 मध्ये निघाला. त्याचे इंग्रजी भाषांतर 1936 मध्ये बडोद्याहून प्रसिद्ध झाले. त्याआधी 1886 मध्ये यूल आणि बर्नेल या दोघा इंग्रजांनी हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलण्यातील शब्दांचा 'हॉब्सन-जॉब्सन' नावाचा कोश केला होता. त्यातही मिस्त्रीचे मूळ हेच दिले आहे. शिवाय एक मार्मिक गोष्ट नोंदवली आहे: मूळ अर्थ कारागिरांचा प्रमुख, पण उत्तरेत तो कोणत्याही कारागिराला लावतात, आणि पश्चिमेकडे व दक्षिणेकडे साहेबांच्या घरात तर स्वयंपाक्याला किंवा शिंप्यालाही.

मिस्त्री काही एकटा आला नाही. त्याच वाटेने 'चावी' आली, 'पाव' आला, त्याच्या डोक्यावरचे 'घमेले' आले, आणि शनिवारी संध्याकाळी हातात पडणारा 'पगार'ही आला. पगार हा पोर्तुगीज 'पागार' म्हणजे पैसे चुकते करणे यावरून. त्याच्या मुळाशी लॅटिनमधला शांत करणे या अर्थाचा शब्द आहे. घेणेकऱ्याला शांत करायचे ते पैसे देऊनच, हे रोमन लोकांनाही ठाऊक होते म्हणायचे!

1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि त्या भागातून पोर्तुगीज गेले. शब्द मात्र राहिला. तो पोर्तुगीजांच्या जहाजांवर अवलंबून नव्हताच; तो कारागिरांच्या तोंडी बसला होता, आणि कारागीर जिथे काम निघेल तिथे जातो. आज बंगालात गवंड्याला 'राजमिस्त्री' म्हणतात, हिंदी मुलखात मोटार दुरुस्त करणाराही मिस्त्री. कोकणात मेस्त्री हे आडनाव आहे, पारशांत आणि गुजरात्यांत मिस्त्री. आणि आपल्याकडे बांधकामावर जाऊन बघा, मूळ अर्थाचा अंश अजून शिल्लक आहे. तिथे मिस्त्री वेगळा आणि बिगारी वेगळा. बिगारी माल कालवतो, विटा देतो. मिस्त्री दोरी धरतो, ओळंबा सोडतो, आणि "एक सूत बाहेर गेली" म्हणून लावलेली वीट पुन्हा काढायला लावतो.

दुसरे दार इंग्रजांचे. मगिस्तेर इंग्लंडात जाऊन 'मास्टर' झाला होता. इंग्रजी अमदानीत तो आपल्याकडे आला, आणि मराठीच्या सवयीप्रमाणे 'मास्तर' झाला. त्याआधी गावच्या शाळेत पंतोजी असत. आता शाळेत मास्तर आले, वर हेडमास्तर आले. टपाल आले तसे पोस्टमास्तर आले, आगगाडी आली तसे स्टेशनमास्तर आले. लग्नाच्या वरातीत बँडमास्तर, सर्कशीत रिंगमास्तर, शिलाईच्या दुकानात टेलरमास्तर. रंगभूमीवर तर हा शब्द बहुमानाचा झाला: मास्टर दीनानाथ, मास्टर कृष्णराव. त्यांपैकी कृष्णरावांचे आडनाव फुलंब्रीकर. आपल्या जिल्ह्यातली फुलंब्री तुम्हाला लगेच आठवेल.

याच शब्दाची आणखी पिल्ले आपल्या घरात खेळताहेत. 'मिस्टर' हे 'मास्टर'चेच उच्चारात झिजलेले रूप. त्याचे स्त्रीलिंगी रूप 'मिस्ट्रेस', आणि ते तोडून 'मिस'. इंग्रजी शाळेतले पोर "आमच्या मिस आल्या" म्हणते, तेव्हा त्याच्या नकळत ते रोमन शब्दच बोलत असते. 'मॅजिस्ट्रेट' हाही त्याच मुळाचा. आणि हल्ली वर्तमानपत्रांत दरोड्याच्या बातमीत 'मास्टरमाइंड' येतो. कुठे घोडदळाचा सरदार, आणि कुठे हा दरोड्याची आखणी करणारा!

अर्थ असे का बदलतात? आपल्या भाषाशास्त्राच्या पुस्तकांत अर्थसंकोच, अर्थविस्तार, अर्थापकर्ष असे शब्द असतात. नावे जड आहेत, गोष्ट सोपी आहे. मगिस्तेर कोणत्याही कामातला थोर होता, तो शाळेपुरता उरला, हा संकोच. मिस्त्री कारागिरांचा मुख्य होता, तो कोणताही कारागीर झाला, हा विस्तार. आणि माझ्यासारखा एखादा हा शब्द धाक दाखवायला वापरतो, तेव्हा होतो तो अपकर्ष, म्हणजे घसरण. यांतले पहिले दोन कोणी ठरवून करत नाही, ते होत जातात. तिसऱ्याचे तसे नाही. जोवर माणसाची किंमत आहे तोवर त्याच्या नावाची किंमत राहते. माणसाला आपण खाली बसवले की मागोमाग त्याचा शब्द खाली उतरतो.

हे फक्त परक्या शब्दांचेच होते असे समजू नका. आपला 'सुतार' घ्या. हा संस्कृत 'सूत्रधार' या शब्दापासून आला. सूत्र म्हणजे दोरी. दोरी धरून माप घेणारा तो सूत्रधार. त्याचे प्राकृतात 'सुत्तहार' झाले आणि मराठीत 'सुतार'. पण मूळ संस्कृत शब्द नाटकवाल्यांनी तसाच ठेवला. त्यामुळे रंगमंचावर आला की तो सूत्रधार, आणि दाराची चौकट ठोकायला आला की सुतार. वर पुन्हा वर्तमानपत्रांत 'कटाचा सूत्रधार' आहेच, त्या मास्टरमाइंडचा मराठी भाऊ! लॅटिन शब्दाच्या नशिबी जे आले, ते हुबेहूब आपल्या शब्दाच्याही नशिबी आले.

दुसरा शब्द 'उस्ताद', फारसीतला. अर्थ शिक्षक, निष्णात. आपला मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू. 1918 साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणही उर्दूतून. त्यामुळे उस्ताद हा शब्द आपल्या मातीत चांगला मुरलेला आहे. पण तो कुठे कुठे गेला, पाहा. गाण्याच्या मैफलीत तो उस्तादच राहिला. तालमीत गेला, तिथे 'वस्ताद' झाला आणि पोरांना डावपेच शिकवू लागला. बोलण्यात "मोठा वस्ताद आहे हो!" म्हटले, की ऐकणारा खिसा चाचपतो. आणि आपल्या शहरात एखाद्या गॅरेजवर जाऊन उभे राहा. ग्रीसने हात माखलेला बारा-पंधरा वर्षांचा पोरगा गाडीखाली वाकून विचारतो, "उस्ताद, कितने का पाना?" त्याच उस्तादाला पलीकडचा मराठी गिऱ्हाईक मिस्त्री म्हणतो. फारसी आणि लॅटिन एकाच माणसाच्या अंगावर येऊन भेटतात. आणि दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ आहे गुरू.

आता मास्तरांकडे वळू. मिस्त्री हा शब्द घसरला म्हणून मास्तर वर राहिला का? तोही राहिला नाही. 'मास्तरकी', 'मास्तरडा' असे शब्द निघाले. मग मास्तर नको, गुरुजी म्हणा, असे झाले. साने गुरुजींसारख्यांनी त्या शब्दाला तेज दिले. आता गुरुजीही मागे पडून सगळीकडे 'सर' झाले. पण पळून पळून किती पळणार? 'सर' हाही घरंगळत घरंगळत लॅटिनमधूनच आला आहे. त्याच्या मुळाशी 'सीनियर' हा शब्द आहे. अर्थ: वयाने अधिक, म्हणजे वडील.

या घराण्यातला आणखी एक शब्द सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. मगिस म्हणजे अधिक, तसे 'मिनुस' म्हणजे उणे. गणितातला 'मायनस' तो हाच. मगिसपासून मगिस्तेर, तसा मिनुसपासून 'मिनिस्तेर'. मगिस्तेर म्हणजे वरचा. मिनिस्तेर म्हणजे त्याच्या हाताखालचा, सेवक. पुढे राजाचा सेवक तो मिनिस्टर झाला, आणि राजाच्या मोठेपणाबरोबर सेवकही मोठा झाला. त्याचा आपल्याकडे अर्थ मंत्री. आज गावात मिनिस्टर यायचे असले, की मास्तर पोरांची रांग लावून उन्हात उभे असतात. शब्दांच्या जन्मपत्रिकेप्रमाणे हे उलटे व्हायला हवे होते! पण यात कोणाचा दोष काढायचा नाही. मिनिस्टर या शब्दाचा मूळ अर्थ सेवा, एवढे ज्याच्या त्याच्या ध्यानात राहिले तरी पुरे.

श्रोतेहो, आता पुन्हा त्या मुलाकडे येतो.

चूक वर्गात झाली होती, म्हणून माफीही वर्गातच मागायला हवी होती. दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर मगिस्तेर हा शब्द लिहिला आणि त्याच्या दोन बाजूंना मास्तर आणि मिस्त्री असे दोन शब्द लिहिले. आत्ता तुम्हाला सांगितले त्यातले निम्मेशिम्मे त्यांना सांगितले, आणि शेवटी म्हणालो, "काल मी जे बोललो ते अज्ञानाने बोललो." मुलगा काही बोलला नाही. तास संपल्यावर जवळ आला आणि म्हणाला, "सर, आमच्या अण्णांना हे सांगू का?" मी म्हटले, "मीच येऊन सांगतो."

रविवारी त्यांच्या कामावर गेलो. शहराबाहेर एका घराचा पाया आखायचे काम चालू होते. अण्णा दोरी लावत होते. एका पोराला त्यांनी कोपऱ्यातल्या खुंटीपासून एका दोरीवर तीन फुटांवर खूण करायला लावली, दुसऱ्या दोरीवर चार फुटांवर. मग दोन खुणांमध्ये टेप धरून म्हणाले, "पाच भरले का? भरले तर कोन गुण्यात आहे. न भरले तर दोरी हलव, माणूस हलवू नको." पायथागोरसचे नाव त्यांनी ऐकलेले नव्हते. पण तो सिद्धान्त मला दहावीत जसा शिकवला गेला, त्याहून त्यांनी चांगला शिकवला. कारण कोन चुकला तर सगळे घर वाकडे होणार हे त्या पोराला समोर दिसत होते.

मी त्यांना शब्दाची हकिकत सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली. हातावरची माती झटकली आणि म्हणाले, "म्हणजे मास्तर, तुमचं-आमचं आडनाव एकच म्हणा की!" एवढा मोठा शब्दप्रवास मी तासभर सांगितला, तो त्यांनी एका वाक्यात उरकला. मग चहा मागवला, आणि त्यांचे लक्ष पुन्हा दोरीकडे गेले.

शिक्षक मित्रांनो, तुमच्याकडे माझे दोन आर्जव आहेत. शाळेच्या दाखल्याच्या अर्जावर वडिलांच्या धंद्याचा रकाना असतो. मूल तिथे मिस्त्री, सुतार, लोहार असे काही लिहिताना आवाज बारीक करते का, ते पाहा. करत असेल तर त्याला या शब्दाची गोष्ट सांगा. आणि काटकोनाचा धडा आला की एक दिवस गावातल्या मिस्त्रींना शाळेत बोलवा. खडू त्यांच्या हाती देऊ नका. दोरी, ओळंबा आणि गुण्या घेऊन यायला सांगा. मुलांना मैदानात न्या आणि तुम्हीही मुलांत बसा.

आणि गावाकडच्या बंधुभगिनींनो, तुमच्या गावात मिस्त्री, वस्ताद, मास्तर, गुरुजी हे शब्द कोणाकोणाला लावतात ते एकदा मोजून बघा. कोणाला आदराने, कोणाला थट्टेने, कोणाला नुसती सवय म्हणून. शब्दाचा खरा अर्थ कोशापेक्षा त्या हाकेत जास्त कळतो.

तो मुलगा पुढे बी. ए. झाला. शेवटच्या वर्षापर्यंत तो अधूनमधून वर्गात पेंगत असे. मी त्याला झोपू देत असे.